पनीरच्या पाण्यातली साखर, लॅक्टेज आणि जीओएस

विकरवेडी

दूध न पचण्याबद्दलच्या धाग्यावर चर्चा पनीरच्या पाण्याकडे वळली आणि मूळ प्रश्न विचारणाऱ्यांची गैरसोय व्हायला लागली, म्हणून हा वेगळा धागा काढते. विकरं म्हणजे एन्झाइम्स हा माझ्या कामाचा विषय, त्यातही दुधातली साखर तोडणारं लॅक्टेज. याच विकराने पनीरच्या पाण्यातल्या साखरेपासून जीओएस, म्हणजे आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंना पोसणाऱ्या साखळ्या, करता येतात. त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

दूध फाडून पनीर केलं, दही टांगून चक्का केला किंवा रेनेट हे दूध गोठवणारं विकर घालून चीज केलं की मागे हिरवट पिवळं पाणी उरतं. डेअरीत त्याला व्हे म्हणतात. तो हिरवट रंग ब-२ जीवनसत्त्वाचा. चीजच्या धंद्यातला ढोबळ हिशेब असा की दहा किलो दुधातून एक किलो चीज निघतं आणि नऊ किलो व्हे. त्यात साडेचार ते पाच टक्के लॅक्टोज असतं, म्हणजे दुधातली बहुतेक सगळी साखर पाण्याबरोबर निघून जाते. चीजच्या व्हेत प्रथिनंही असतात आणि जिमला जाणारी मुलं जी पावडर घेतात ती तिथून येते. पनीरचं तसं नाही. पनीरसाठी दूध ८०-९० अंशांपर्यंत तापवतात, त्या उष्णतेने व्हेची प्रथिनं केसीनला, म्हणजे दुधातल्या मुख्य प्रथिनाला, चिकटतात आणि पनीरमध्येच अडकून राहतात. मागे उरते ती साखर, थोडे क्षार आणि आपण घातलेलं सायट्रिक ॲसिड. म्हणून पावडरवाल्यांना या पाण्यात रस नसतो आणि ते बहुतेक ठिकाणी सरळ गटारात जातं.

हे गटारात जाणं किती वाईट आहे ते आकड्यांत सांगते. सांडपाण्यातला सेंद्रिय माल कुजवायला जिवाणूंना किती प्राणवायू लागेल याचं माप म्हणजे बीओडी. व्हेचा बीओडी लिटरला साधारण ३०,००० ते ५०,००० मिलिग्रॅम असतो. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्यासाठी आपल्याकडची सर्वसाधारण मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. हजार पटींचा फरक! साखर खाणारे जिवाणू ओढ्यातला सगळा प्राणवायू ओढून घेतात आणि मासे गुदमरून मरतात. म्हशीने कडबा-पेंड खाऊन, शेतकऱ्याने पहाटे उठून धार काढून तयार झालेली ही साखर अशी विष होऊन वाहते, याचं मला फार वाईट वाटतं.

आता विकराकडे. लॅक्टोज म्हणजे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांची जोडी. लॅक्टेज ही जोडी तोडतं, एवढं आपण शाळेत शिकतो. पण तोडायची पद्धत बघण्यासारखी आहे. विकर आधी लॅक्टोज पकडतं, ग्लुकोज सोडून देतं आणि गॅलॅक्टोज क्षणभर स्वतःला जोडून घेतं. मग ते कुणाला तरी द्यावं लागतं. पंगतीतला वाढपी समोर जे ताट येईल त्यात वाढतो, तसं हे समोर येईल त्या रेणूला गॅलॅक्टोज देऊन मोकळं होतं. समोर पाणी आलं तर गॅलॅक्टोज सुटं पडतं. समोर दुसरं लॅक्टोज आलं तर गॅलॅक्टोज त्याला जोडलं जातं आणि तीन साखरांची साखळी होते, पुढे चारांची, पाचांची. या साखळ्या म्हणजे गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड्स, थोडक्यात जीओएस. आपल्या लहान आतड्याला त्या सहसा तोडता येत नाहीत. त्या मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथले बिफिडोबॅक्टेरिया त्यांच्यावर वाढतात. म्हणून त्यांना प्रीबायोटिक म्हणतात.

म्हणजे एकच विकर तोडतंही आणि जोडतंही. काय होणार हे आजूबाजूला पाणी किती आणि साखर किती यावर ठरतं. मी हिशेब मांडला. साध्या व्हेत लॅक्टोजच्या एका रेणूमागे पाण्याचे साडेतीनशेच्या वर रेणू असतात. तोच व्हे आटवून साखर ४० टक्क्यांवर नेली की एका लॅक्टोजमागे पाण्याचे तीसहून कमी रेणू उरतात. तिथे साखळ्या जुळायला लागतात.

त्यातही वेळ साधावी लागते. साखळी हेही या विकराचं खाद्यच आहे. जीओएस वाढत वाढत एका टोकाला पोचतं आणि मग लॅक्टोज कमी झालं की विकर आपणच जोडलेलं तोडायला लागतं. टाकी रात्रभर तशीच सोडली तर सकाळी नुसतं ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज मिळेल. म्हणून जीओएस सर्वात जास्त असताना तापवून विकर मारायचं. नीट जमलं तर एकूण साखरेच्या ३० ते ४० टक्के जीओएस मिळतं, काही विकरांनी त्याहून थोडं जास्त. उरलेलं म्हणजे न बदललेलं लॅक्टोज, सुटं ग्लुकोज आणि थोडं गॅलॅक्टोज.

लॅक्टेज साखर जोडतं हे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून माहीत आहे. पण त्या वेळी लोकांना दुधातलं लॅक्टोज काढून टाकायचं होतं, त्यामुळे या साखळ्या म्हणजे त्यांच्या दृष्टीने मध्ये येणारा कचरा. त्यातून माल करायचं काम पुढे जपानने केलं. याकुल्टचं ऑलिगोमेट हे तिथलं जुनं नाव. नेदरलँड्समध्ये फ्रीसलँडकॅम्पिना व्हिव्हिनल नावाने जीओएस विकते, इंग्लंडमध्ये रेडिंग विद्यापीठातल्या संशोधनातून बिमुनो आलं.

मला विचारायचंय ते असं की आपल्याकडे हे का होऊ नये? इथे कुणी डेअरीच्या धंद्यात असेल तर जरूर लिहा.

कृष्णाकाठ

ताई, मी धंद्यातला. सांगली जिल्ह्यात आमचं छोटं युनिट आहे, म्हशीच्या हजारेक लिटर दुधाचं रोज पनीर होतं. व्हे आजूबाजूचे जनावरंवाले घेऊन जातात. पण तेबी बेतानं घालावं लागतं, एकदम जास्त पाजलं की जनावराचं पोट बिघडतं. पावसाळ्यात कुणी न्यायला येत नाही, मग टाकीत साठतं आणि दुसऱ्या दिवशी असा वास सुटतो की बोलायची सोय नाही. ईटीपी म्हणजे सांडपाणी साफ करायची यंत्रणा आहे, पण व्हे गेला की ती बसतीच.

माझा सरळ प्रश्न. लॅक्टोज फ्री दुधासाठी जे एन्झाइम मिळतं त्याचा कॅन आणला आणि टाकीत ओतला तर जीओएस होईल का?

विकरवेडी

दादा, नाही होणार, आणि पैसे वाया जातील म्हणून कारणं नीट सांगते.

पहिलं, टाकीतलं पाणी पातळ आहे. त्यात विकर घातलं तर लॅक्टोज तुटून गोडसर पाणी होईल, जीओएस नावाला.

दुसरं, लॅक्टोज फ्री दुधासाठी मिळतं ते बहुधा क्लुव्हेरोमायसिस लॅक्टिस नावाच्या यीस्टचं असतं. त्याला साडेसहा ते सातचा पीएच लागतो, म्हणजे गोड्या दुधाचा. तुमच्या पाण्याचा पीएच साडेपाचच्या आसपास किंवा खालीच असणार. शिवाय त्या विकराला कॅल्शियम सोसत नाही आणि आंबट व्हेत विरघळलेलं कॅल्शियम भरपूर असतं. आंबट व्हेसाठी ॲस्परजिलस ओरायझी या बुरशीचं विकर बरं. जपानी लोक सोया सॉस आणि मिसोसाठी वापरतात तीच ही बुरशी. तिच्या विकराला साडेचार-पाचचा पीएच मानवतो, ५०-५५ अंश तापमान चालतं आणि धातूंची गरज नसते. मात्र गॅलॅक्टोज साठत गेलं की ते मंदावतं. जोडकामात सगळ्यात तरबेज मानतात ते बॅसिलस सर्क्युलन्स या जिवाणूचं. ते सहाच्या आसपासच्या पीएचला काम करतं आणि ६० अंशांपर्यंत टिकतं. एवढ्या उष्णतेत बाकीचे जिवाणू वाढत नाहीत, हा मोठाच फायदा.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या हजार लिटर दुधातून साडेसातशे-आठशे लिटर व्हे निघत असेल, त्यात साधारण ३६ किलो लॅक्टोज. त्याचा ४० टक्के पाक करायचा म्हणजे ९० किलो पाक. बाकीचं सातशे लिटर पाणी रोज घालवायचं. नुसत्या कढईत वाफ करून घालवलंत तर दर किलो पाण्यामागे निदान किलोभर वाफ लागेल. इतकं जळण घालून हातात येणार ११-१२ किलो जीओएस, तेही बाकीच्या साखरांत मिसळलेलं. वर तीन-चार किलो क्षार आणि सायट्रिक ॲसिड त्याच पाकात आटलेलं. खारट-आंबट लागेल. ते काढायला वेगळी यंत्रणा.

म्हणजे एकट्या युनिटला हे परवडणारं नाही. पण म्हणून विषय संपत नाही, त्यावर सावकाश लिहीन.

पोळपाटलाटणं

छान माहिती, विकरवेडी. आमच्याकडे पनीरच्या पाण्यात कणिक भिजवतात, पोळ्या मऊ होतात. आमटीतही घालतो. आता लॅक्टेजच्या गोळ्या मिळतात, त्या या पाण्यात चुरून ठेवल्या आणि पाणी आटवलं तर घरच्या घरी प्रीबायोटिक होईल ना? सासूबाईंना बद्धकोष्ठाचा त्रास आहे आणि मधुमेहही आहे म्हणून विचारतेय.

विकरवेडी

कणिक भिजवणं उत्तमच, ते चालू ठेवा. गोळ्यांचा प्रयोग मात्र करू नका, विशेषतः मधुमेह असताना. पातळ पाण्यात विकर घातलं की लॅक्टोजचं ग्लुकोज होतं आणि मग तुम्ही ते आटवणार, म्हणजे ग्लुकोजचा पाक. आधी आटवून मग गोळी घातली तरी किती जीओएस झालं आणि किती ग्लुकोज सुटलं हे घरी कळायला मार्ग नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत साखरा वेगवेगळ्या करून मोजाव्या लागतात. ब्रिक्स, म्हणजे पाकातली एकूण साखर, मोजायचं भिंग इथे उपयोगाचं नाही, त्याला सगळ्या साखरा सारख्याच दिसतात.

विकतच्या जीओएस पाकातही सगळं जीओएस नसतं. अशा पाकाच्या घन भागात साधारण ६० टक्के जीओएस आणि उरलेल्यात लॅक्टोज व ग्लुकोज, अशी रचना नेहमीची आहे. पुढे शुद्ध केलेली पावडर निराळी. डबा घेताना लेबल वाचा.

ओपीडीनंतर

पोळपाटलाटणं, सासूबाईंसाठी त्यांच्या डॉक्टरांना लॅक्ट्युलोजबद्दल विचारा. हे औषध याच धाग्यातलं आहे. लॅक्टोजच्या जोडीतल्या ग्लुकोजचं फ्रुक्टोज केलं की लॅक्ट्युलोज होतं. तेही लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यात जाऊन पाणी धरून ठेवतं आणि तिथले जिवाणू ते आंबवतात. बद्धकोष्ठासाठी आणि यकृताच्या आजारात अमोनियामुळे येणाऱ्या गुंगीसाठी आम्ही ते वर्षानुवर्षं देतो. कारखान्यात ते विकराने न करता अल्कलीच्या प्रक्रियेने करतात, एवढा फरक. सिरपमध्ये थोड्या इतर साखरा असतात म्हणून मधुमेह असेल तर डॉक्टरांना सांगूनच.

सईची_आई

मला एक शंका. सई आठ महिन्यांची आहे. तिला वरचं दूध सुरू करताना डब्यावर जीओएस आणि एफओएस लिहिलेलं पाहिलं. हे तेच का? आणि ते आईच्या दुधासारखं असतं असं दुकानदार सांगत होता, ते खरं का?

विकरवेडी

हो, तेच. आईच्या दुधात लॅक्टोज आणि स्निग्धांशानंतर तिसरा मोठा घन घटक म्हणजे ऑलिगोसॅकराइड्स, लिटरला साधारण ५ ते १५ ग्रॅम. दीडशेहून जास्त वेगवेगळ्या रचना त्यात ओळखल्या गेल्यात. बाळ स्वतः त्या पचवत नाही. त्या बाळाच्या आतड्यातल्या जिवाणूंसाठी असतात, आणि आईचं शरीर एवढी शक्ती खर्चून त्या बनवतं हे मला आजही थक्क करतं. अंगावर पिणाऱ्या बाळांच्या आतड्यात बिफिडोबॅक्टेरिया मुबलक असतात हे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये हेन्री तिसिए यांनी १९०० च्या सुमारास पाहिलं होतं. गाईच्या दुधात या साखळ्या अगदी थोड्या. ती उणीव काही अंशी भरावी म्हणून फॉर्म्युलात नऊ भाग जीओएस आणि एक भाग लांब साखळीचं एफओएस (फ्रुक्टोजच्या साखळ्या) असं मिश्रण घालायला सुरुवात झाली. युरोपने त्याला १०० मिलिलिटरमागे ०.८ ग्रॅमची मर्यादा घालून दिली.

पण "आईच्या दुधासारखं" हे बरोबर नाही. जीओएसमध्ये गॅलॅक्टोजच्याच माळा आहेत. आईच्या दुधातल्या साखळ्यांत फ्युकोज असतं, सियालिक आम्ल असतं, त्यांची कामंही वेगळी आहेत. आता त्यातली २'-फ्युकोसिललॅक्टोजसारखी काही जनुक बदललेल्या जिवाणूंकडून लॅक्टोजपासूनच करून घेतात, तो वेगळा मोठा विषय.

ओपीडीनंतर

सईची_आई, दुकानदाराने असं बोलून डबा खपवणं आपल्या कायद्यात बसत नाही. १९९२ चा शिशुआहार कायदा फॉर्म्युलाच्या जाहिरातीला बंदी घालतो. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर तेच चालू ठेवायचं. डबा लागणारच असेल तर तुमच्या बालरोगतज्ज्ञांशी बोलून.

डॉक्टर म्हणून दोन सावधगिरीच्या गोष्टी. गॅलॅक्टोसेमिया, म्हणजे शरीराला गॅलॅक्टोज वापरता न येण्याचा जन्मजात आजार, असलेल्या बाळाला यातलं काहीही चालत नाही. आणि सिंगापूरमधून २०१२ मध्ये काही रुग्णांचे अहवाल आले होते: जीओएस घातलेलं दूध प्यायल्यावर त्यांना तीव्र ॲलर्जी आली, पण गाईच्या दुधाची त्यांना ॲलर्जी नव्हती. ॲलर्जी जीओएसचीच निघाली. हे फार क्वचित घडतं, पण दमा किंवा इसब असणाऱ्यांच्या बाबतीत डोक्यात असावं.

स्पष्टवक्ता

विकरवेडी, तुमच्या तळमळीचा आदर आहे, पण मला हे सगळं अनावश्यक वाटतं. आपल्या आजीने ताक दिलं, दही दिलं, कडधान्यं दिली. त्यातच सगळं होतं. आता कारखान्यात साखर जोडून डब्यात भरून परत आपल्यालाच विकायची. प्रीबायोटिक हा शब्दसुद्धा १९९५ चा आहे, तोवर लोकांची पोटं चालत नव्हती का?

विकरवेडी

चालत होती, आणि ज्याच्या जेवणात मटकी, हरभरा, कांदा, लसूण, ज्वारीची भाकरी आहे त्याने जीओएसचा डबा घ्यावा असं मी मुळीच म्हणत नाही. कडधान्यांतही गॅलॅक्टोजच्या साखळ्या असतात, रॅफिनोज, स्टॅकिओज. त्यांची जोडणी वेगळी, पण त्यांचाही शेवट मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या पोटातच. वाल खाल्ल्यावर पोटात वारा धरतो तो त्यामुळेच. दही लावतानाही विरजणातले जिवाणू थोडंसं जीओएस करतात. लॅक्टोज फ्री दुधातही तोडण्याच्या ओघात थोडं तयार होतं.

जीओएस खाल्ल्यावर बिफिडोबॅक्टेरिया वाढतात हे अनेक अभ्यासांत दिसलंय, दिवसाला पाच ग्रॅमच्या आसपासही. पण जिवाणू वाढणं म्हणजे आजार बरा होणं नव्हे आणि बाजारातले बरेच दावे या दोहोंतलं अंतर उडी मारून पार करतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने हे दावे फार कडकपणे तपासले. चिकोरीच्या इन्युलिनला, हे दुसरं एक प्रीबायोटिक, २०१५ मध्ये शौच नियमित राहण्याचा दावा मिळाला, तोही दिवसाला १२ ग्रॅम घेतल्यास. एवढ्या काटेकोरपणे बोलायला मी तयार आहे.

पण माझा मुद्दा खाणाऱ्याच्या बाजूने सुरू होत नाही. तो कृष्णाकाठ यांच्या टाकीपाशी सुरू होतो. रोज शेकडो लिटर साखरपाणी नासतंय. त्याचं काहीतरी करायचंच आहे. मग ते शक्य तितकं मोलाचं करावं.

पोटोबा

मला आयबीएस, म्हणजे आतडं चटकन बिघडायचा जुना त्रास, आहे. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाच्या फॉडमॅप आहारात, म्हणजे पोटात आंबणाऱ्या साखरा कमी करायच्या आहारात, जीओएस टाळायला सांगतात. आणि इथे तेच चांगलं म्हणतायत. नक्की काय करायचं?

ओपीडीनंतर

दोन्ही खरं. जिवाणू जीओएस आंबवतात, त्यात आम्लं तयार होतात आणि वायूही. ज्याचं आतडं ताणाला जास्त संवेदनशील आहे त्याला तोच वायू त्रास देतो. तुम्ही स्वतःहून जीओएस सुरू करू नका. कडक फॉडमॅप आहार थोड्या आठवड्यांपुरता असतो, मग एकेक गट परत आणून बघतात, आणि ते आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली करावं. निरोगी माणसालाही एकदम १५-२० ग्रॅम घेतलं तर पोट फुगून जुलाब होऊ शकतात.

रॉटरडॅमकर

विकरवेडी, तुम्ही वर फ्रीसलँडकॅम्पिनाचं नाव घेतलंत म्हणून लिहितो. मी इथे अन्नप्रक्रियेच्या यंत्रांच्या क्षेत्रात आहे. व्हिव्हिनल जीओएस नेदरलँड्सच्या पूर्वेला बोर्कुलो नावाच्या लहान गावात होतं. लक्षात घ्यायची गोष्ट म्हणजे ही कंपनी दूध घालणाऱ्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेच्या मालकीची आहे. चीज बऱ्याच ठिकाणी होतं, पण प्रत्येक चीज कारखान्यात जीओएस करत बसत नाहीत. व्हे जिथे निघतो तिथे मेम्ब्रेनने, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून गाळून, पाणी कमी करायचं, आणि मग घट्ट माल मोठ्या ठिकाणी आणायचा, अशी इथली एकंदर रीत. नाहीतर टँकर म्हणजे ९४ टक्के पाणी वाहून न्यायचं.

आयर्लंडमध्ये कॉर्कजवळ कार्बेरी नावाची कंपनी व्हेच्या साखरेपासून १९७८ पासून अल्कोहोल करते. नॉर्वेत व्हे आटवून तपकिरी चीज करतात, ब्रुनोस्ट, चवीला खरपूस मिल्क टॉफीसारखं. म्हणजे जीओएस हा एकच मार्ग नाही. पण किलोमागे मोल बघितलं तर जीओएस बरंच वर आहे.

रानवारा

मध्येच एक विचारते. पाणी आटवायचा खर्च ही खरी अडचण असेल, तर जिथे दूध आपण एरवीही आटवतोच तिथे विकर घालून बघितलं तर? बासुंदी, खवा?

विकरवेडी

रानवारा, फार सुंदर प्रश्न. दूध एक तृतीयांश उरेपर्यंत आटवलं तर लॅक्टोज १४ टक्क्यांच्या आसपास जातं. ४० टक्क्यांइतकं नाही, पण पातळ व्हेपेक्षा जीओएस नक्कीच जास्त जुळतं. दुधाचा पीएचही यीस्टच्या विकराला मानवणारा. आणखी एक उपयोग आहे. खवा किंवा आइस्क्रीम कधीकधी जिभेला वाळूसारखं लागतं, ते लॅक्टोजचे खडे असतात. २५ अंशांना १०० ग्रॅम पाण्यात लॅक्टोज जेमतेम २०-२२ ग्रॅम विरघळतं, त्यामुळे गार झालं की खडे धरतात. थोडं लॅक्टोज विकराने बदललं की खडे होत नाहीत. अर्जेंटिनाकडे दूध-साखर आटवून जे दुल्से दे लेचे करतात त्यात लॅक्टेज याच कारणासाठी वापरतात. गोडीही वाढते, त्यामुळे वरची साखर कमी घालता येते. फक्त ग्लुकोज-गॅलॅक्टोज लवकर लालसर होतात, तर बासुंदीचा रंग गडद येईल. घरी करून बघायला हरकत नाही: अर्धवट आटवून कोमट केलेल्या दुधात विकर, तास-दोन तास, आणि मग परत खळखळून उकळायचं. पण याला जीओएसची बासुंदी म्हणून विकायचं असेल तर मोजमाप हवं.

कृष्णाकाठ

ताई, रॉटरडॅमकरांनी म्हटलं तसं आमच्या पट्ट्यात करता येईल असं वाटतंय. आमच्यासारखी पनीरची युनिटं आजूबाजूला बरीच आहेत. दुधाचे टँकर रोज फिरतातच. वारणा, गोकुळसारख्या संघांनी मनावर घेतलं तर व्हेसुद्धा गोळा होईल. आमच्या हातात काय आहे ते सांगा.

विकरवेडी

दादा, मला हेच म्हणायचं होतं. दूध गावोगाव थोडं थोडं असताना ते गोळा करून थंड करून पुढे न्यायची घडी आपल्या सहकाराने बसवली. व्हेचा प्रश्न त्याच जातीचा आहे. हे एकट्याने पेलणारं काम नाही आणि कुणा बाहेरच्या कंपनीची वाट बघत बसायचंही कारण नाही.

पनीरच्या व्हेला एक चांगली बाजू आहे, तिचा उपयोग करा. तुमच्या टाकीत तो पडतो तेव्हा ६५-७० अंश गरम असतो. त्या क्षणी तो जवळपास जंतुमुक्त असतो. तिथेच झाकलेल्या स्टीलच्या टाकीत घ्या, त्या उष्णतेवर पुढच्या घाण्याचं दूध तापवून घ्या, आणि व्हे लगेच थंड करा. उघड्या टाकीत तास न् तास कोमट राहिला की जिवाणू साखर खातात, आंबटपणा वाढतो आणि मग त्याचं कुणी काही करू शकत नाही. पुढची पायरी मेम्ब्रेन. नॅनोफिल्ट्रेशन या मेम्ब्रेनच्या प्रकाराने पाण्याबरोबर सोडियम-पोटॅशियमचे क्षारही बरेच निघून जातात, म्हणजे खारटपणाही कमी होतो. चार-पाच युनिटांत मिळून एक बसवता येईल. १५-२० टक्क्यांपर्यंत घट्ट झालेला व्हे टँकरने नेणं परवडतं. विकर, पाणी आटवायचं इव्हॅपोरेटर, क्षार काढणं, पावडर हे सगळं एकाच मध्यवर्ती ठिकाणी.

ते होईपर्यंत दुसरा पर्याय: आंबट पीएचला चालणारं लॅक्टेज घालून व्हे गोड करा. लॅक्टोज फार कमी गोड, तुटल्यावर गोडी बरीच वाढते. त्यात जिरं, पुदिना, आंबा घालून पेय करता येतं आणि साखर कमी लागते. तेही नाही जमलं तर बायोगॅस. काहीही, पण ओढ्यात नको.

चक्क्याचं पाणी मात्र वेगळं ठेवा. त्यात लॅक्टिक आम्ल जास्त असतं, लॅक्टोज थोडं खाल्लेलं असतं आणि सुटं गॅलॅक्टोज आधीच असतं. विकराला ते अडतं. पनीरच्या पाण्यात मिसळलं तर दोन्ही बिघडतील.

कृष्णाकाठ

चक्का आम्ही फक्त सणाला करतो, तो वेगळा ठेवीन. टाकी झाकायचं आणि गरम व्हेवर दूध तापवायचं काम लगेच करता येतंय, प्लेटवालं जुनं हीट एक्स्चेंजर पडून आहे. आमच्यातल्या तिघांशी बोललो, दोघं तयार आहेत. तिसरा म्हणतो आधी आकडे दाखवा. काय काय तपासून घेऊ?

विकरवेडी

तिसऱ्यांचं बरोबर आहे. प्रत्येक युनिटचा नमुना वेगळा घ्या, मिसळू नका. घाणा संपल्यावर लगेच एक आणि चार तासांनी एक, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. लॅक्टोज, पीएच, आंबटपणा, एकूण घन पदार्थ, राख, कॅल्शियम, स्निग्धांश. स्निग्धांश विसरू नका, मेम्ब्रेन तुंबतात त्यानेच. तो जास्त निघाला तर आधी सेपरेटरमधून काढून त्याचं तूप करता येईल. दुधाचं आणि व्हेचं रोजचं वजन वहीत लिहून ठेवा, एका दिवसाचं नको, निदान महिन्याचं, कारण म्हशी आटल्या की उन्हाळ्यात व्हे कमी पडणार आणि मेम्ब्रेनचा आकार त्यावर ठरणार. आकडे आले की इथेच टाका, मी आणि रॉटरडॅमकर मिळून हिशेब मांडतो.

रॉटरडॅमकर

नक्की. सायट्रिक ॲसिड दर घाण्याला किती घालता तेही लिहा. आणि पाणी कुठलं वापरता, बोअरचं की नळाचं? मेम्ब्रेन धुवायला जड पाणी चालत नाही.

कृष्णाकाठ

बोअरचं आहे, जडच आहे. त्याचाही रिपोर्ट काढतो.